सोड्याची टूथपेस्ट दात किती घासते? घरी अशी तपासा

खाण्याचा सोडा बोटांत चुरला की रवाळ लागतो. त्यामुळे सोड्याच्या पेस्टने दात झिजतील अशी धास्ती अनेकांना वाटते. पण जिभेला काय लागतं यापेक्षा कण किती कठीण आहे, हे महत्त्वाचं. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापनश्रेणीवर सोडा साधारण 2.5 आणि दातांचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, 5 च्या आसपास. शिवाय सोडा पाण्यात विरघळतो, म्हणजे घासता घासताच त्याची धार जाते. तेव्हा तपासायचं ते सोड्याच्या जोडीला पेस्टमध्ये काय घातलं आहे ते.

पेस्ट दात किती खरवडते हे सांगायला प्रयोगशाळेत आरडीए नावाचा आकडा काढतात; तो जितका मोठा, तितकी पेस्ट जास्त खरवडणारी. एनॅमलच्या आतला मऊ थर म्हणजे डेंटिन. त्याचे किरणोत्सारी केलेले तुकडे यंत्रातल्या ब्रशने घासतात आणि पाण्यात किती डेंटिन उतरलं ते मोजतात. कॅल्शियम पायरोफॉस्फेटला 100 धरून बाकीच्यांची तुलना होते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार कमाल मर्यादा 250 आहे, तर निव्वळ सोडा 7 च्या आसपास येतो. घरी हा आकडा निघणार नाही, पण दोन पेस्टमध्ये जास्त खरवडणारी कोणती, हे बऱ्यापैकी कळतं.

आधी वेष्टनावरचे घटक वाचा. कॅल्शियम कार्बोनेट (कठीणपणा 3) आणि हायड्रेटेड सिलिका ही नावं बहुतेक वेळा दिसतील. सिलिका कणांच्या आकारानुसार सौम्यही असते आणि कडकही, त्यामुळे नुसत्या नावावरून निकाल लावू नका. अ‍ॅल्युमिना दिसली तर मात्र सावध व्हा, तिचा कठीणपणा 9 असतो.

मग सोडा वेगळा काढा. 5 ग्रॅम पेस्ट 200 मिली कोमट पाण्यात ढवळा आणि रात्रभर ठेवा. सोडा विरघळून जातो, तळाशी बसतो तो न विरघळणारा गाळ. वरचं पाणी हलकेच ओतून टाका, गाळ आणखी एकदा धुवा.

आता काचेची परीक्षा. काचेचा कठीणपणा सुमारे 5.5, म्हणजे एनॅमलपेक्षा किंचित जास्त. जुन्या काचेच्या तुकड्यावर मार्करने चार चौकोन आखा: एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात सोड्याचा लगदा, तिसऱ्यात गाळ, चौथ्यात बारीक वाळू. प्रत्येकासाठी खोडरबराचा वेगळा तुकडा घ्या आणि सारख्याच दाबाने घासा. काच धुऊन, पुसून उजेडात तिरकी धरा. वाळूच्या चौकोनात ओरखडे कसे दिसतात ते पाहून घ्या. गाळाच्या चौकोनातही तसेच दिसले, तर ती पेस्ट वापरू नका. ओरखडे नसले तरी डेंटिन सुरक्षित आहे असं ठरत नाही, कारण ते काचेपेक्षा बरंच मऊ असतं.

दोन पेस्टची तुलना करायला सीडीचं पारदर्शक प्लास्टिक कव्हर उपयोगी पडतं. ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. 5 ग्रॅम पेस्टमध्ये 8 मिली पाणी कालवा आणि काटा 150 ग्रॅमच्या आसपास राहील इतक्याच दाबाने 200 वेळा ब्रश फिरवा. इतका हलका दाब पाहून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, कारण सवयीने आपण याहून कितीतरी जोरात घासतो. पेस्ट बदलली की ब्रशही बदला, पण त्याच बनावटीचा घ्या. जुने कण केसांत अडकून राहतात. हे प्लास्टिक एनॅमलपेक्षा फार मऊ असल्यामुळे त्यावर सगळ्याच पेस्टचे थोडेफार चरे उठतील. बघायचं ते कोणाचे जास्त दाट.

हे प्रयोग स्वतःच्या दातांवर करू नका, आणि सोड्यात लिंबू पिळून घासणं तर टाळाच. आम्लाने एनॅमल मऊ पडतं.

हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडली असतील, तर तिथे डेंटिनच घासलं जातं. अशांनी घरच्या निकालावर विसंबू नये. पेस्टच्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे आरडीए आकडा मागावा आणि तो दंतवैद्यांना दाखवावा.