निकोसियाची रेषा ओलांडताना

सायप्रसची राजधानी निकोसिया एका रेषेने दुभागली आहे: दक्षिणेत ग्रीक सायप्रसवासी, उत्तरेत तुर्की. ती पायी ओलांडायला लेद्रा स्ट्रीटचा नाका सोयीचा. तो २००८ साली उघडला. पासपोर्ट दोन्हीकडे दाखवावा लागतो. मधल्या संयुक्त राष्ट्रांच्या पट्ट्यात चौक्यांचे, सैनिकांचे फोटो काढू नका.

विमान लार्नाका किंवा पाफोसचंच घ्या. उत्तरेतल्या एर्जानला उतरलात, तर दक्षिणेचं सरकार तो प्रवेश बेकायदा धरतं. गाडी न्यायची तर आयोस दोमेतिओसचा नाका. पण दक्षिणेतला विमा पलीकडे चालत नाही, वेगळा काढावा लागतो. परतताना सिगारेटी ४०, कडक दारू १ लिटर, बस्स.

कॉफी मात्र दोन्हीकडे तीच: अगदी बारीक दळलेली, लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात साखरेसकट उकळलेली. म्हणून गोडी आधीच सांगा, मागाहून साखर घालून ढवळलीत तर गाळ वर येतो. मध्यम गोड हवी तर दक्षिणेत ‘मेत्रिओ’, उत्तरेत ‘ओर्ता’. दक्षिणेत तिला तुर्की कॉफी म्हणू नका. बेट दुभागणारं १९७४चं तुर्की आक्रमण विसरलेलं कोणी नाही. हलूमी चीजवरून असाच वाद. २०२१मध्ये युरोपीय संघाने हलूमी हे ग्रीक आणि हेल्लिम हे तुर्की, अशी दोन्ही नावं एकत्रच नोंदवली.

१९७४मध्ये रेषेपलीकडे सुटलेल्या घरांबद्दल आपणहून विचारू नये. आणि २० जुलै, त्या आक्रमणाचा दिवस, टाळा: दक्षिणेत भोंगे वाजतात, उत्तरेत संचलन असतं.