काळ्या पुडीतून निळा मोरचूद

ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या पडवीत मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, गोणी येऊन पडायची. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, असा एक टक्क्याचा बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, वडील द्राक्षबागेसाठी करायचे. आता निफाड तालुक्यात नववीला विज्ञान शिकवते, आणि तोच मोरचूद मुलांकडून करून घेते.

एका मुलाने नाशिकच्या भांडी बाजारातून तांब्याची तार आणली होती. सौम्य सल्फ्युरिक आम्लात ती नुसती पडून राहिली. तांबं या आम्लाला दाद देत नाही, त्याचं ऑक्साइड देतं. तापवलेल्या तांब्यावर काळा थर धरतो ना, तेच कॉपर ऑक्साइड. आपण त्याची तयार पूड घेतो.

डोळ्यांवर चष्मा हवाच. चंचुपात्रात एक मोलर (लिटरला ९८ ग्रॅम) सल्फ्युरिक आम्ल २५ मिलिलिटर घ्या, वाफा दिसेपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. मग पूड चिमटी-चिमटीने टाकत काचकांडीने ढवळा. बुडबुडे येणार नाहीत. इथे फक्त क्षार आणि पाणी तयार होतं. काळी पूड नाहीशी होते आणि द्रावण निळं होत जातं.

हिशेबाने दोन ग्रॅम पूड लागते. तुम्ही अडीच घ्या, आणि ढवळूनही तळाशी काळं उरेपर्यंत टाकत राहा. यात काटकसर नको. उरलेली पूड गाळणकागदावर अडकते, पण उरलेलं आम्ल कशातच अडकत नाही. पाणी उडून जातं, आम्ल मागे राहून तीव्र होत जातं, स्फटिक चिकट होतात आणि बोटं भाजतात.

गाळलेलं निळं द्रावण बाष्पनपात्रात घेऊन उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवा आणि निम्मं आटवा. काचकांडी बुडवून बाहेर काढा. गार होताना तिच्यावर बारीक कण दिसले की आच बंद. पहिल्या वर्षी मी थेट बर्नरवर पार कोरडं होईपर्यंत आटवलं. हाती आली पांढरी भुकटी, कारण स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणीच, निघून गेलं होतं. पाण्याचा थेंब टाकताच ती पुन्हा निळी झाली, पण स्फटिक काही मिळाले नाहीत.

आता कागद झाकून पात्र कोपऱ्यात ठेवा आणि हलवू नका. डिसेंबरात निफाडच्या थंडीत सकाळपर्यंत तिरक्या कडांचे निळे स्फटिक दिसतात. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा आठवडाही लागतो. जितकं सावकाश, तितके मोठे. गाळणकागदात दाबून टिपा. सगळा मोरचूद निघाला तर सहा ग्रॅम भरेल. मुलांना तीन-चार मिळतात, बाकीचा पाण्यातच राहतो.

ते निळं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, तांबं माशांना विषारी असतं. आमच्याकडे त्यासाठी झाकणाची बाटली ठेवली आहे, पुढच्या तुकडीचे स्फटिक त्याच पाण्यातून वाढवतो.