अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास की ट्रेट? चादरीच्या बिलिंगवर ताडून बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर-टॉवेल कारखान्यासाठी पीएचपीत बिलिंग लिहायचं आहे, असं धरा. चादर नगावर विकली जाते, टॉवेल वजनावर. दोन्हींना डिझाइन नंबर आणि दर असतोच, फक्त रक्कम काढायची रीत वेगळी.

इथं 'माल' हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास करा, म्हणजे ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही, फक्त त्यावरून पोर-क्लास बनतात असा अर्धवट साचा. कन्स्ट्रक्टरमध्ये डिझाइन नंबर आणि दर घ्या, 'रक्कम' ही मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट (नुसतं नाव, आत कोड नाही) ठेवा आणि बिलाची ओळ तयार करणारी मेथड इथंच पूर्ण लिहा. ती आतून 'रक्कम'ला बोलावते. 'चादर' आणि 'टॉवेल' हे 'माल'चे पोर-क्लास, आपापली 'रक्कम' ते लिहितात. 'टॉवेल'मध्ये ती लिहायची राहिली तर पीएचपी तिथंच फेटल एरर देतं, म्हणजे प्रोग्रॅम थांबतो. चूक गिऱ्हाइकाच्या बिलापर्यंत पोचत नाही, हा मोठा फायदा.

आता बारकोड. तो चादरीला हवा, गाठीला (मालाच्या बांधलेल्या गठ्ठ्याला) हवा आणि डिलिव्हरी चलनालाही हवा. पण चलन हा काही 'माल' नव्हे. बारकोडसाठी त्याला 'माल'चं पोर केलं, तर दर आणि रक्कम नाहक त्याच्या गळ्यात पडतात. शिवाय पीएचपीत क्लासला पालक एकच मिळतो. 2012 साली 5.4 आवृत्तीत ट्रेट, म्हणजे कुठल्याही क्लासमध्ये मिसळता येणारे मेथडचे संच, आले ते याच अडचणीसाठी. बारकोडचा कोड ट्रेटमध्ये टाका आणि हव्या त्या क्लासमध्ये 'यूज' करा.

नवशिके अडकतात ते यानंतर. ट्रेट हा टाइप नाही. 'इन्स्टन्सऑफ'ने ट्रेट तपासला तर उत्तर कायम फॉल्स येतं, आणि फंक्शनच्या पॅरामीटरला त्याचं नाव दिलं तर टाइपएरर. म्हणून सोबत एक छोटा इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याची नुसती यादी, जी टाइप म्हणून चालते) लिहा: वचन इंटरफेसचं, काम ट्रेटचं.

दुसरं, ट्रेटमधला कोड 'क्रमांक' ही प्रॉपर्टी गृहीत धरून चालत असेल आणि क्लासमध्ये ती नसेल, तर पीएचपी 8 मध्ये नुसती वॉर्निंग येते आणि बारकोड रिकामा छापला जातो. ट्रेटमध्येच 'क्रमांक द्या' अशी अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड ठेवा, म्हणजे क्लासला ती लिहावीच लागेल.

एकाच क्लासमध्ये घेतलेल्या दोन ट्रेटमध्ये 'छापा' या एकाच नावाची मेथड असेल तर फेटल एरर येते. 'इन्स्टेडऑफ'ने कोणती घ्यायची ते सांगा, दुसरीला 'अ‍ॅज'ने वेगळं नाव द्या. हे निदान दिसतं तरी. ट्रेटमधली मेथड पालकाची त्याच नावाची मेथड मुकाट झाकते, ते मात्र दिसत नाही. क्लासची स्वतःची मेथड ट्रेटला झाकते, ट्रेट पालकाला झाकतो, हा क्रम पाठच करा.

स्टॅटिक प्रॉपर्टीतला (प्रत्येक ऑब्जेक्टची नव्हे, तर क्लासची असते ती) फरक तर थेट हिशेबात घुसतो. अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासमधला स्टॅटिक काउंटर सगळ्या पोरांत सामाईक असतो (पोराने तो पुन्हा जाहीर केला नसेल तर). ट्रेटमधला मात्र 'यूज' करणाऱ्या प्रत्येक क्लासला वेगळा मिळतो. म्हणजे 'गाठ' आणि 'चलन' दोघंही 1 पासून मोजायला लागतात आणि एकच नंबर दोन कागदांवर येतो. सलग नंबर हवा असेल तर तो डेटाबेसकडून घ्या.

एका क्लासमध्ये तीन-चार ट्रेट साचले, की थांबा. बहुतेक वेळा तिथं बारकोड प्रिंटरचा स्वतंत्र क्लास करून तो कन्स्ट्रक्टरमधून आत देणं बरं. टेस्ट करताना खऱ्या प्रिंटरच्या जागी खोटा बसवता येतो. ट्रेट क्लासमध्येच मिसळलेला असल्याने तिथं हे इतक्या सहज जमत नाही.