खळ्यात रानपाखरं, मागीलदारी लावे

कोकणातल्या घरी पक्ष्यांची हौस करायची म्हटली की लोक पहिल्या आठवड्यात दोन वस्तू आणतात: दाणे टाकायचं टांगतं भांडं आणि लाव्यांचा, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या छोट्या पक्ष्यांचा, पिंजरा. वर दोन्ही एकाच आंब्याखाली मांडतात. हे करू नका. दाण्यांवर कावळे-कबुतरं जमतात, त्यांची विष्ठा पिंजऱ्यात पडते, सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागून धामण येते. रानपाखरं पुढे खळ्यात, म्हणजे अंगणात, लावे मागीलदारी, मध्ये घर. एवढं ठरलं की बाकीचं सोपं आहे, एक टप्पा सोडून.

रानपाखरांना दाणे नकोत, पाणी द्या

मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा जास्त नको. झुडपापासून पाच-सहा फुटांवर ठेवा, म्हणजे पाखराला पळून लपता येतं आणि मांजराला दबा धरून झेप घेता येत नाही. रोज सकाळी ओतून, घासून, नवं पाणी. बुलबुल आणि दयाळ सरळ परळात उतरतात. कोतवाल उतरत नाही; वरून सूर मारून पाण्यात अंग बुडवतो आणि परत तारेवर जाऊन बसतो. ते बघायला पाच मिनिटं काढा.

बाकी काम झाडं करतात. उंबर पिकला की तांबट आणि हरियाल न बोलावता येतात. पांगारा आणि सावर फुलली की शिंजीर, साळुंक्या, कोतवाल सगळी तिथेच. हापूसच्या कलमांवरचं बांडगूळ जरूर काढा, पण एखाद्या जुन्या रायवळावरचं राहू द्या, फुलटोच्या त्याची फळं खायला येतो. आणि घरामागचा पाचोळा झाडून चकचकीत करू नका. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो तो पाचोळा उलटून किडे शोधतो, सारवलेल्या अंगणात त्याला काय मिळणार?

ऑक्टोबर ते मार्च ओहोटीची वेळ बघून खाडीच्या मुखाशी जा. कुरव, सुरय, चिखल्या, तुतारी हे पाणथळीचे पक्षी सगळे तिथे भेटतात.

लावे आणताना

शेतातला रानलावा पकडून पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. आपण पाळायचा तो जपानी लावा, बाजारात ज्याला बटेर म्हणतात तो. तो १९७४ मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आला आणि तिथून देशभर पसरला. त्याच्याबाबतचे नियमही मध्यंतरी बदलले आहेत, म्हणून आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, मग परवाना असलेल्या हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्रातून, पावती घेऊन आणा.

माझं ऐकाल तर तीन-चार आठवड्यांचे पक्षी घ्या. पैसे जास्त पडतात, पडू द्या. त्या वयात नर-मादीही ओळखता येतात: नराची छाती तांबूस आणि एकरंगी, मादीची छाती काळ्या ठिपक्यांची. एका नरामागे तीन माद्या. नर जास्त झाले की ते माद्यांच्या डोक्याची पिसं उपटतात, आणि रात्री-अपरात्री ओरडून शेजारी जागवतात ते वेगळंच.

तरीही एक दिवसाची पिल्लंच हवी असतील तर पुढचं नीट वाचा.

पहिले दहा दिवस

मला सगळ्यात जास्त छळलं ते या टप्प्याने. "बल्ब लावा, पाणी ठेवा, वाढतात आपोआप" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. नाही वाढत. लाव्याचं पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचं असतं. कोंबडीच्या पिल्लाला जे चालतं ते याला चालत नाही.

पहिली गोष्ट हंगाम. जून ते सप्टेंबर पिल्लं आणूच नका. हवेत ओल, तुसाला बुरशी आणि विजेचा भरवसा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एवढं लांब कशाला, साधी रात्रभर वीज गेली तरी पिल्लं संपतात. गणपती होऊन ऊन पडू द्या, मग आणा.

दुसरी गोष्ट ऊब. पहिला आठवडा पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ ते ३७ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरकडे बघत बसू नका, पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकावर एक चढली असतील तर थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर उकडतंय. जमिनीवर विखरून, पाय ताणून झोपली असतील तर बरोबर. एकावर एक चढणं सगळ्यात वाईट, कारण खालची गुदमरून मरतात, आणि हे कोपऱ्यात होतं. म्हणून चौकोनी खोका नको. पुठ्ठ्याची पट्टी वाकवून गोल कडं करा. बल्ब एका बाजूला लावा, मध्यभागी नको, म्हणजे उकडलं तर पिल्लांना सरकायला जागा राहते. आणि बल्ब एक नको, दोन हवेत. एक उडाला तर दुसरा असतो.

वीज गेलीच तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवा आणि तासा-दीड तासाने बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचा सल्ला कुणी देईल, त्याला हात जोडा. तिच्यातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या विषारी वायूने पिल्लंही जातात आणि त्याच खोलीत झोपलेलं माणूसही जातं.

तिसरी गोष्ट पायाखालची. वर्तमानपत्र अजिबात नको. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि फाकलेले पाय सहसा आपोआप सरळ होत नाहीत. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून उंचसखल बाजू वर ठेवा. चार-पाच दिवसांनी, खाणं कोणतं आणि तूस कोणता हे पिल्लांना कळायला लागलं की भाताचा कोरडा तूस पसरा. आधी पसरलात तर ती तूसच खातात.

पाणी उथळ ठेवा आणि भांड्याच्या कडेच्या खाचेत मुलांच्या काचेच्या गोट्या भरा. अर्धा इंच पाण्यात पिल्लू बुडून मरतं. ऐकून विश्वास बसत नाही, बघितल्यावर बसतो. खाणं ब्रॉयलर प्री-स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य, मिक्सरमधून बारीक करून. नाचणी आणि तांदळाच्या कण्यांवर "गावठी पद्धतीने" वाढवायला जाऊ नका, त्यांना चोवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात आणि कण्यांत ती नाहीत.

आठव्या-दहाव्या दिवशी पंख फुटतात आणि पिल्लं कड्यावरून उडतात. त्याआधी वर जाळी टाका. इथवर पोचलेली पिल्लं सहसा जगतात.

पिंजरा

उंची दहा इंच, जास्त नको. लावा दचकला की सरळ वर उडतो. दीड-दोन फूट उंची मिळाली तर वेग घेऊन डोकं फोडून घेतो. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, तारा सांधून केलेली चौकोनी. षटकोनी कोंबडीजाळीतून उंदीर सहज जातो. खाऱ्या वाऱ्याला साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, जाळी एक-दोन वर्षांत गंजून बोटाने तुटते, म्हणून आधीच रंग मारा किंवा प्लास्टिकचा लेप असलेली घ्या. पाय तीन फुटांचे, प्रत्येक पाय पाण्याच्या डब्यात, मुंग्यांसाठी. नैर्ऋत्येची बाजू पूर्ण बंद. वरून आणि आणखी एका बाजूने विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधा: शिक्रा हा शिकारी पक्षी पिंजऱ्यावर येऊन नुसता बसला तरी आत धुमश्चक्री होते. अंगावर घ्यायला कोरडी वाळू ठेवा, नदीची, किनाऱ्याची खारी नको.

वयाच्या सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात, दहा-बारा ग्रॅमची. रोज चौदा ते सोळा तास उजेड मिळाला तरच नियमित. माद्या अंड्यांवर बसत नाहीत. पिल्लं काढायची तर अंडी उबवायचं यंत्र, इन्क्युबेटर, घ्या, साधारण सतरा दिवस लागतात. कंटाळा आला म्हणून पक्षी रानात सोडू नका. बहुतेक मरतात, आणि जगलेले रानातल्या लाव्यांशी जोडी करू शकतात.

मेलेले कावळे दिसले तर

भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला, कोंबड्यांत. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीच्या मेलेल्या कावळ्यांतही तो निघाला, म्हणजे आपल्या दारातच. पिंजऱ्याकडे जायच्या चपला वेगळ्या ठेवा, परळ घासायचा ब्रश वेगळा. खळ्यात एकापेक्षा जास्त पाखरं मेलेली आढळली तर हात लावू नका, परळ उपडं करा, पिंजऱ्याला चारी बाजूंनी बारीक जाळी लावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ते येऊन नमुना नेईपर्यंत अंडी कुणालाही देऊ नका, शेजारच्या काकूंनी कितीही मागितली तरी.