‘व्हेज’ म्हटले तरी रश्शाची चौकशी करावी

सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या चायनीज हॉटेलात सहकुटुंब गेल्यावर ‘व्हेज’ एवढा शब्द बहुधा पुरतो, कारण तिथले मंचुरियन मुळात आपल्याच जिभेसाठी घडलेले आहे. परदेशी सहलीत मात्र बरोबर शाकाहारी मंडळी असतील, तर भाज्यांपेक्षा रश्शाची चौकशी आधी करावी. थायलंडमध्ये निव्वळ भाज्यांच्या करीतही वाटणात कोळंबीची पेस्ट आणि वरून ‘नाम प्ला’, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला सॉस, असू शकतो. जपानी मिसो सूपसाठी वापरला जाणारा ‘दाशी’ हा अर्क बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशापासून काढतात.

थायलंडमध्ये यावर ‘जे’ हा शब्द उपयोगी पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असेल, तिथे मांस, मासे, अंडी आणि दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन कुटुंबांचीही बरीच सोय होते. बटाटा-गाजराचे तेवढे वेगळे विचारावे लागते. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात, आणि त्याचा आपल्या चहाशी काही संबंध नाही, हे आजीला आधीच सांगून ठेवलेले बरे. उच्चारांवर विसंबण्यापेक्षा हे शब्द स्थानिक लिपीत लिहिलेला कागद वाढप्याला दाखवावा. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे, कारण पॅड थाईवर दाण्याचे कूट सर्रास घालतात.