पावसात केबलचं चित्र फाटतं? बूस्टर आणण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक तक्रार ठरलेली असते : ऐन मॅचमध्ये चित्र फाटलं, चौकोन चौकोन आले. त्यावरचे सल्लेही ठरलेले असतात. पण त्यातले बरेच पडद्यावर मुंग्या दिसायच्या त्या अॅनालॉग जमान्यातले आहेत.

अॅनालॉग केबलवर एका चॅनेलला ७-८ मेगाहर्ट्झची जागा एकट्याला लागायची. आता तेवढ्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये ६४-क्वाम (लहरींवर डिजिटल माहिती चढवायची एक पद्धत) वापरून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट जातात, २५६-क्वामने सुमारे ५०. चित्र दाबून लहान करायच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीत साध्या एसडी चॅनेलला ३-४ मेगाबिट पुरतात आणि नव्या एमपेग-४ ला साधारण त्याच्या निम्मे. त्यातही वाटणी लवचिक असते. बातम्या वाचणारा निवेदक स्थिर बसलेला असला की त्याचे उरलेले बिट त्याच क्षणी क्रिकेटच्या चॅनेलकडे वळवले जातात. थोडक्यात, एका फ्रिक्वेन्सीवर दहा-वीस चॅनेल दाटीवाटीने बसलेले असतात आणि ती बिघडली की सगळे एकदम आजारी पडतात.

म्हणून ‘टीव्ही नीट दिसत नाही’ एवढंच सांगून फोन ठेवणं ही पहिली चूक. कोणकोणते चॅनेल फाटतात ते कागदावर लिहा. यादीतले शेजारी नंबर एकाच फ्रिक्वेन्सीवर असतीलच असं नाही, पण बऱ्याच सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत चॅनेलची फ्रिक्वेन्सी दिसते. एकच चॅनेल खराब असेल तर दोष बहुधा केबलवाल्याकडून किंवा चॅनेलकडूनच आलाय, घरात खटपट नको. एकाच फ्रिक्वेन्सीवरचे सगळे गेले, तर ढिल्या जोडातून आत शिरणाऱ्या मोबाईलच्या लहरींचाही संशय घ्या. वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल आधी जात असतील तर वायर किंवा जोड तपासा, कारण वायरीत होणारी सिग्नलची घट फ्रिक्वेन्सीबरोबर वाढते.

दुसरी चूक बूस्टर. सिग्नलसोबत तो गोंगाटही मोठा करतो, वर स्वतःचा थोडा घालतो. आधीच पुरेसा सिग्नल असलेल्या घरात तर बॉक्सवर अतिभार येऊन चित्र आणखी बिघडतं. २५६-क्वामला ६४ पेक्षा सुमारे ६ डेसिबल जास्त स्वच्छ सिग्नल लागतो, त्यामुळे जुन्या वायरिंगवर चालणारे चॅनेल ऑपरेटरने पद्धत बदलल्यावर अचानक रुसू शकतात. मेनूत ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन आकडे असतात. लोक पहिल्याकडे बघून खूश होतात. बघायचा तो दुसरा. अॅनालॉगमध्ये मुंग्या वाढत वाढत जायच्या, इथे सिग्नल ठरावीक मर्यादेखाली गेला की थोड्याशा घसरणीत चित्रच नाहीसं होतं.

खरा गुन्हेगार बहुतेकदा खिडकीबाहेर असतो. दोन वायरी सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आपल्याकडे सर्रास दिसतो, आणि पहिल्याच सरीत त्यात पाणी जातं. जोड एफ-कनेक्टरचाच (आटे फिरवून घट्ट बसणारं धातूचं टोक) हवा, वायर ७५ ओहमची आरजी-६ प्रकारची. वायर खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. बेडरूमच्या टीव्हीसाठी लावलेला दोन फाट्यांचा स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल खातो, चार फाट्यांचा सात-आठ. हॉलमध्ये चार फाटे आणि त्यातला एकच वापरात, असं असेल तर तो काढाच. ठेवायचाच असेल तर रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमची टर्मिनेटर टोपी बसवा, नाहीतर सिग्नल तिथून उलटा परततो.

आवाज येतो पण पडदा काळा, आणि तोही मोजक्याच चॅनेलवर? तुमचा बॉक्स जुना एमपेग-२ चा असावा आणि ते चॅनेल एमपेग-४ वर गेले असावेत. वायर हलवून उपयोग नाही, बॉक्स बदलून मागा. काही चॅनेल यादीतूनच गायब असतील तर आधी नव्याने स्कॅन करा, फ्रिक्वेन्सींची मांडणी बदललेली असू शकते. आणि एचडीचे पैसे भरून लाल-पांढरी-पिवळी वायर लावू नका; त्या वायरीतून एचडी येतच नाही, एचडीएमआय लावा.

अख्खी विंगच एकदम अंधारली तर घरातलं काहीही उघडू नका. जिन्यातल्या डक्टमधला अॅम्प्लिफायर विजेवर चालतो. वीज जाऊन आल्यावर तिथला एमसीबी पडलाय का ते वॉचमनला विचारा, मग केबलवाल्याला फोन करा.