टर्बो ३५० गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर बदलताना

जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९६९ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील शेव्हरले गाड्यांत आला. त्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसल्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग, बदलण्यासाठी तो सोयीचा आहे.

निवड करताना सर्वांत आधी स्टॉल स्पीड पाहावा. चाके ब्रेकने जखडलेली असताना पूर्ण थ्रॉटलवर इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढते, तो हा आकडा होय. मूळ कन्व्हर्टरमध्ये तो साधारण १,५०० ते १,८०० असतो, आणि कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदललेल्या इंजिनाची ताकद त्याच्या वर सुरू होत असेल, तर गाडी सिग्नलवरून सुस्तपणे निघते. मात्र मोठ्या आकड्याचा मोह टाळावा. डिफरन्शियलचे (चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांचे) गुणोत्तर ३.०८ आणि टायर २७ इंची असेल, तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे २,४०० आरपीएमवर फिरते. अशा गाडीत ३,००० चा कन्व्हर्टर बसवला, तर तो महामार्गावरही घसरत राहतो आणि ती घसरण उष्णता होऊन तेलात उतरते. रोजच्या वापरासाठी २,२०० ते २,४०० पुरेसा आहे, असे माझे मत आहे. त्याच्या जोडीला रेडिएटरसमोर वेगळा ऑइल कूलर बसवावा. त्या खर्चात काटकसर करू नये.

गाडी चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर उचलून बॅटरीची तार सोडवावी आणि तेल काढावे. प्रॉपेलर शाफ्ट, गिअरचा दांडा, किकडाउनची (थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर घालणारी) केबल, व्हॅक्यूमची नळी, स्पीडोमीटरची केबल आणि कूलरच्या नळ्या सुट्या कराव्यात. खालचे झाकण काढून फ्लेक्सप्लेटला (इंजिनामागे फिरणाऱ्या पातळ चकतीला) धरणारे कन्व्हर्टरचे तीन बोल्ट इंजिन हाताने फिरवत एकेक काढावेत, मग गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर तोलून क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा दांडा) आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचे इंजिनाला जोडणारे घंटेसारखे तोंड) यांचे बोल्ट सोडवावेत. गिअरबॉक्स उतरवताना कन्व्हर्टर पुढे सरकून अंगावर पडू शकतो, म्हणून त्याला आधार द्यावा. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर त्यातील तेलाच्या पंपाचे पुढचे सील नवे घालावे आणि फ्लेक्सप्लेटला बोल्टांभोवती तडे नाहीत ना, हे पाहावे.

आता खरे जपायचे काम येते. नव्या कन्व्हर्टरमध्ये सुमारे १ लिटर तेल ओतावे, त्याच्या मानेला तेल लावावे आणि तो शाफ्टवर सरळ चढवून, हलका दाब देत फिरवत राहावे. त्याला स्टेटरच्या (कन्व्हर्टरमधील तेलाची दिशा वळवणाऱ्या चक्राच्या) आधाराचे दाते, टर्बाइनचा शाफ्ट आणि पंपाच्या खाचा अशा तीन ठिकाणी बसायचे असते, आणि प्रत्येक वेळी तो थोडा आत सरकल्याचे हाताला जाणवते. पहिल्या दोन धक्क्यांवर समाधान मानणारे बरेच असतात, आणि पंप फुटतो तो नेमका तिथेच. गिअरबॉक्स इंजिनाला टेकवताना बेलहाउसिंग हाताच्या जोराने सपाट बसले पाहिजे. बोल्ट आवळून ते ओढू नये, कारण फट राहत असेल तर कन्व्हर्टर अजून आत गेलेला नाही. बेलहाउसिंग आवळून झाल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून ३ ते ५ मिलिमीटर अंतरावर असला पाहिजे. अंतर जास्त असल्यास तिन्ही बोल्टांखाली सारख्या जाडीचे वॉशर घालावेत.

जुन्या तेलातील कीस कूलरच्या नळ्यांत राहतो, म्हणून त्या धुऊन घ्याव्यात. सुरुवातीला ४ लिटर तेल भरून इंजिन चालू करावे, ब्रेक दाबून दांडा सर्व गिअरांतून फिरवावा आणि इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये डिपस्टिक पाहत थोडे थोडे तेल वाढवावे. शेवटची पातळी मात्र तेल गरम झाल्यावरच ठरवावी. स्टॉलची चाचणी घ्यायचीच असेल तर थ्रॉटल ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. पहिल्या १०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उचलून पुढच्या सीलखाली ओल आहे का, ते पाहावे.